सेलमचे वकील, नागपूरचे अध्यक्ष

ऑगस्ट १८८२. मद्रास इलाख्यातलं सेलम. मिरवणुकीच्या वाटेवरच्या मशिदीवरून दंगल पेटते, मशीद पाडली जाते. चिथावणीचा आरोप येतो गावातल्या तिशीच्या एका वकिलावर. सनद मिळून त्याला जेमतेम वर्ष झालंय. नाव, चक्रवर्ती विजयराघवाचारियार.

शिक्षा होते दहा वर्षांची.

चेंगलपट्टूकडच्या एका खेड्यातल्या पुरोहिताचा हा मुलगा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचा पदवीधर. काही काळ मास्तरकी केली, मग कायद्याच्या वर्गात न बसताच वकिलीची परीक्षा दिली. आता त्याच्यासमोर उरलं होतं मद्रासचं हायकोर्ट. तिथे तो निर्दोष सुटला.

दुसरा कुणी असता, तर सुटकेचा निःश्वास टाकून गप्प बसला असता. पण शिक्षेचं निमित्त करून सरकारनं त्याचं नगरपालिकेचं सदस्यत्व काढून घेतलं होतं. त्यानं थेट भारतमंत्र्यांवर, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या मंत्र्यांवर, दावा लावला, आणि जिंकला. भरपाई मिळाली १०० रुपये! रक्कम किरकोळच. पण साहेबाच्या सरकारला साहेबाच्याच कोर्टात हरवलं, याचं मोल सेलमला कळत होतं. अंदमानात धाडलेल्या इतरांसाठीही तो भांडत राहिला.

या खटल्यानं विजयराघवाचारियारांना पुढारी केलं. काँग्रेसचे एक संस्थापक अॅलन ह्यूम यांच्याशी स्नेह जुळला. १८८७च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसची घटना तयार करणाऱ्या समितीत ते होते. १८९५पासून सहा वर्षं मद्रासच्या विधान परिषदेत, १९१३ ते १९१६ मध्यवर्ती कायदेमंडळात. लोक त्यांना ‘दक्षिणेचा सिंह’ म्हणू लागले.

मग आलं काँग्रेसचं नागपूर अधिवेशन. डिसेंबर १९२०. टिळकांना जाऊन पाच महिने झालेले. अध्यक्षपदासाठी नागपूरचे पुढारी डॉ. मुंजे यांनी अरविंद घोषांना पुद्दुचेरीहून बोलावलं होतं, त्यांनी नकार कळवला. खुर्चीवर बसले अडुसष्ट वर्षांचे विजयराघवाचारियार. मांडवात चौदा हजारांवर प्रतिनिधी, आणि पुढ्यात गांधीजींची असहकारिता. शाळा सोडा, कौन्सिलं सोडा, कोर्टं सोडा.

कोर्टं सोडा! आणि हे कुणासमोर? ज्यानं स्वतःची सुटका, स्वतःची अब्रू, सगळं कोर्टातच परत मिळवलं होतं, त्याच्यासमोर. या कार्यक्रमातलं बरंच त्यांना पटत नव्हतं, आणि अध्यक्षीय भाषणात त्यांनी ते लपवलंही नाही. पण मांडव गांधीजींचा झाला होता. विरोधाच्या तयारीनं आलेल्या चित्तरंजन दासांनी स्वतःच ठराव मांडला. विरोधात उभे राहिलेल्या जीनांना लोकांनी बोलू दिलं नाही. त्यांनी काँग्रेस सोडली. त्याच अधिवेशनात चार आण्यांची वर्गणी आली, भाषावार प्रांतिक समित्या आल्या. वकिलांची काँग्रेस खेड्यात जायला निघाली, ती या वकिलाच्या अध्यक्षतेखाली.

सेलमच्याच कोर्टातले दुसरे वकील, राजगोपालाचारी, यांनी वकिली सोडली आणि ते गांधीजींमागे गेले. वयानं पंचवीसेक वर्षांनी लहान. पुढचं राजकारण त्यांचं होतं.

म्हाताऱ्या सिंहाची वाट मात्र हळूहळू वेगळी होत गेली. त्यांनी स्वराज्याच्या घटनेचा आपला मसुदा लिहिला. १९३१ साली ते पुन्हा आपल्याकडे आले, या वेळी अकोल्याला, आणि हिंदू महासभेचे अध्यक्ष म्हणून. दंगलीच्या खटल्यातून सुरू झालेल्या आयुष्यातलं हे वळण थोडं अस्वस्थ करतं, पण ते वगळून त्यांची गोष्ट सांगता येत नाही.

१९ एप्रिल १९४४ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी ते गेले. राजगोपालाचारी तेव्हा मद्रासचे माजी पंतप्रधान होते (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा असं म्हणत). चार वर्षांनी ते भारताचे गव्हर्नर जनरल झाले.