मागून कुणी ढकलतंय का?

मघाशी एकाने विचारलं, “बेसबॉलमध्ये फील्डरने पहिल्या बेसवर नुसता पाय टेकवला की रनर आऊट होतो, मग दुसऱ्या बेसवर कधी कधी त्याला टॅग का करावं लागतं, म्हणजे बॉल धरलेला हात किंवा ग्लोव्ह अंगाला का लावावा लागतो?” प्रश्न छान आहे. मी ठरवून आणलेलं बरंचसं आता बाजूला ठेवतो.

एका बेसवर एकच रनर राहू शकतो. बॅटरने जमिनीवरून बॉल मारला की त्याला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. तिथे आधीचा कुणी असेल, तर त्याने जागा सोडायची. ही सक्ती, म्हणजे फोर्स. सक्ती आहे तोवर फील्डरने बॉल हातात घेऊन पुढच्या बेसला पाय लावला की काम झालं, रनर आऊट.

आता बघा. पहिल्या बेसवर रनर आहे. बॉल थेट पहिल्या बेसमनकडे गेला. त्याने आधी आपल्याच बेसला पाय लावला आणि मग दुसऱ्या बेसकडे थ्रो केला. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर, बॉल घेऊन बेसवर ऐटीत उभा. रनर खालून घसरत आला आणि सेफ! कारण बॅटर आऊट झाला तेव्हाच मागून ढकलणारा कुणी उरला नव्हता. शॉर्टस्टॉपने वाकून ग्लोव्ह लावायला हवा होता.

ही सक्ती विसरल्याची सर्वांत महागडी गोष्ट २३ सप्टेंबर १९०८ची. न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज, नववी म्हणजे शेवटची इनिंग, १-१, दोन आऊट. हिट बसली, तिसऱ्या बेसवरचा रनर होमला, म्हणजे जिथे रन मिळतो तिथे, पोचला, प्रेक्षक मैदानात घुसले. पहिल्या बेसवरचा जायंट्सचा १९ वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच माघारी वळला. कब्जनी बॉल मिळवून बेसला पाय लावला. (तो बॉल खेळातलाच होता का, यावर लोक अजून भांडतात.) तिसरा आऊट फोर्सने झाला की त्यावेळचा रन धरत नाहीत. सामना बरोबरीत धरला गेला, ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला गेला, आणि कब्ज जिंकले. लीगचं विजेतेपदही त्यांचंच. पोरगा जन्मभर टोमणे ऐकत राहिला. मला विचाराल तर त्या काळी असे रनर सर्रास माघारी वळत, सापडला तो एकटा.

फ्लायवर, म्हणजे हवेत उडालेल्या बॉलवर, उलटं. कॅच झाला की आपल्या बेसला परत शिवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण बॉल पक्का पकडेपर्यंत थांबायची गरज नाही, फील्डरचा पहिला स्पर्श झाला की सुटा. बॉल ग्लोव्हमध्ये नाचत असेल तर नाचू दे.

बेसबॉलमध्ये बेस ९० फुटांवर, लीड घेता येते, म्हणजे बॉल फेकण्याआधीच बेस सोडून थोडं पुढे सरकता येतं. फास्ट पिच सॉफ्टबॉलमध्ये ६० फूट, म्हणून पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत पाय बेसवरच. आधी सुटलात तर आऊट.

आणि पहिला बेस ओलांडून पुढे गेल्यावर डावीकडे वळलं की टॅग करता येतो, हे डोक्यातून काढा. नुसत्या वळण्याने काही होत नाही. अंपायर बघतो, दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न झाला का. एक झेप घेऊन थबकलात, तरी तो प्रयत्नच.