कौलावरची अंडी

लातूरमध्ये एप्रिलची दुपार आहे आणि पारा ४० अंशांच्या पुढे गेला आहे. गल्लीत टँकरच्या प्रतीक्षेत घागरी रांगेने मांडलेल्या आहेत, आणि त्याच गल्लीतील एका घराच्या आतल्या खोलीत, जिथे उन्हाची तिरीपही पोचत नाही, १०० लिटरच्या काचेच्या टाकीत खारे पाणी भरलेले आहे. त्या पाण्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश एका कौलाच्या तुकड्याभोवती फिरत आहेत.

हे पाणी समुद्रातून आणलेले नाही. येथील बोअरचे पाणी जड असल्यामुळे ते आधी आरओ यंत्रातून काढले जाते आणि मग १०० लिटरला सुमारे ३.५ किलो या प्रमाणात मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ त्यात विरघळवले जाते. ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे आरओमधून वाया जाणारे पाणी ओतून देणे कोणालाही परवडणार नाही. या घरात ते भांडी आणि फरशीसाठी वापरले जाते. टाकीवर एक लहान पंखा लावलेला आहे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने, म्हणजे बाष्पीभवनाने, टाकीचे तापमान २६ ते २८ अंशांच्या आसपास राहते, आणि मराठवाड्याची कोरडी हवा या कामी फार उपयोगी पडते. मात्र पाणी उडून गेले तरी मीठ मागेच राहते, म्हणून रोज घटलेली पातळी भरून काढताना खारे पाणी न घालता साधे आरओचे पाणीच घालावे लागते.

आता जोडीविषयी. क्लाउनफिशची सर्व पिल्ले आधी नराच्या वाटेवरच वाढतात, आणि समूहातील सर्वांत मोठा व वरचढ मासा पुढे मादी होतो. मादी नाहीशी झाली तर तिचा जोडीदार नर मादी बनतो आणि खालचा लहान मासा त्याची जागा घेतो. १९७७ साली हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी ‘नेचर’ नियतकालिकात हे वर्तन सविस्तर मांडले. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही, त्यामुळे दोन मोठ्या माद्या एका टाकीत सोडल्यास त्या एकमेकींना जिवानिशी मारू शकतात. जोडी लावायची असेल तर एक मोठे आणि एक स्पष्टपणे लहान पिल्लू एकत्र सोडावे. लहान मासा मोठ्यासमोर अंग आडवे करून थरथरू लागला की त्याने आपले स्थान मान्य केले असे समजावे. त्यानंतर अंडी येण्यास कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि या काळात अधीर होऊन जोडीदार बदलत राहणे हीच आमच्या मते पाळणाऱ्याची सर्वांत मोठी चूक ठरते. समुद्रात क्लाउनफिश ज्याच्या आश्रयाने राहतात तो समुद्रपुष्प (सी ॲनिमोनी) नावाचा जीव टाकीत असलाच पाहिजे असे नाही. या जोडीने कौलच आपले घर मानले आहे. मासे निवडताना मात्र हॅचरीत वाढलेलेच घ्यावेत, कारण प्रवाळांमधून उचललेल्या प्रत्येक जोडीमागे तेथील एक समुद्रपुष्प ओस पडते.

दोघेही काही दिवस तोंडाने कौल घासून स्वच्छ करतात. मग मादी त्यावर ओळीने अंडी चिकटवते आणि नर मागोमाग ती फलित करतो. सुरुवातीला नारिंगी दिसणारी ही अंडी हळूहळू काळपट होतात, आणि शेवटच्या दिवसांत त्यांत चंदेरी डोळे चमकू लागतात. नर कल्ल्यांजवळच्या परांनी त्यांना सतत वारा घालतो आणि खराब झालेली अंडी खाऊन टाकतो. पहिल्या एकदोन खेपांना आईबापांनी सगळीच अंडी खाल्ली तरी निराश होऊ नये, कारण नवख्या जोडीत असे बहुधा घडतेच.

या पाण्याच्या उबेत साधारण सात-आठ दिवसांनी, दिवे मालवल्यानंतर तासा-दोन तासांत, पिल्ले बाहेर पडतात. त्या संध्याकाळी कौल अलगद उचलून, याच टाकीचे पाणी भरलेल्या दुसऱ्या टबात ठेवले जाते, आणि नराच्या परांचे काम हवेचे बुडबुडे करतात. वीज जाण्याचा भरवसा नसल्यामुळे हा एअर पंप बॅटरीवर चालणारा आहे.

खरी परीक्षा येथून पुढे आहे. ३ ते ४ मिलिमीटरच्या या पिल्लांना दुकानातला कोरडा खाऊ चालत नाही. त्यांच्या तोंडात मावेल आणि हलताना दिसतील असे रोटिफर नावाचे सूक्ष्म जलजीव त्यांना पहिल्या दिवसापासून लागतात. ते रोटिफर हिरव्या शेवाळपाण्यावर वाढतात, म्हणून त्यांच्या बादल्या अंडी येण्याच्या कितीतरी आधी तयार ठेवाव्या लागतात. आठवडाभराने नुकताच उबवलेला आर्टिमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव, देता येतो. या पहिल्या दिवसांतच सर्वाधिक पिल्ले दगावतात, आणि रोज सकाळी टबाचा तळ साफ करताना ती मोजणे हे या घरातील सर्वांत जड काम आहे.

दहाव्या दिवसाच्या सुमारास काही पिल्लांच्या डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. तिकडे मोठ्या टाकीत, जागेवर परत ठेवलेले कौल नराने पुन्हा घासायला घेतले आहे.