सोयाबीनची गाठ आतून गुलाबी काहून असते?

[धुऱ्यावर उभं राहून. मागे सोयाबीन, हातात मुळासकट काढलेलं झाड.]

राम राम मंडळी! चार दिवसांची झड आज सकाळी उघडली. वारा आहे, आवाज मागेपुढे झाला तर सांभाळून घ्या.

हे झाड मी ओढून उपटलेलं नाही. कुदळीनं बाजूनं खणून काढलं, कारण ओढलं की आपल्याला जे पाहायचंय तेच मातीत राहतं. मुळी पाण्यात हलकेच धुतली. या बघा गाठी. काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही मुगाएवढ्या. आता एक नखानं फोडतो.

[कॅमेरा जवळ.]

दिसला रंग? गुलाबी, पार रक्तासारखा. आणि नातंही रक्ताचंच आहे. आपल्या अंगात हिमोग्लोबिन, या गाठीत लेगहिमोग्लोबिन. दोघांच्याही पोटात लोहाचा अणू धरून बसलेलं हीम असतं. जपानी शास्त्रज्ञ कुबो यांनी 1939 साली हे ओळखलं. पेरताना बियाण्याला आपण रायझोबियम चोळतो, दहा किलोला अडीचशे ग्रॅम. त्या पुडीतले जिवाणू इथं राहतात.

पण झाडाला रक्त कशाला पाहिजे?

गोष्ट अशी आहे. हे जिवाणू हवेतला नत्र बांधतात ते नायट्रोजनेज नावाच्या एन्झाइमनं. हे एन्झाइम ऑक्सिजनपुढे टिकत नाही, लागला की कायमचं निकामी. मग ऑक्सिजन येऊच द्यायचा नाही? तसंही चालत नाही. नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, निदान 16 रेणू खर्च होतात, आणि एवढी ऊर्जा काढायची तर जिवाणूला श्वास घ्यावाच लागतो. म्हणजे ऑक्सिजन पाहिजेबी आन् नकोबी. ही अडचण लेगहिमोग्लोबिन सोडवतं. ऑक्सिजन आला की धरून ठेवतं आणि जिवाणूला लागेल तसा हातात देतं. त्यामुळे गाठीत मोकळा ऑक्सिजन साध्या पाण्यापेक्षा हजारो पट कमी असतो.

आता जिवाणूला कसं कळतं, की आपण मोकळ्या मातीत आहोत की गाठीत येऊन बसलोय? डवरणीच्या आधी तुम्ही काय करता? मूठभर माती उचलता, दाबता, सोडता आणि म्हणता, वाफसा आला. जिवाणूजवळ त्या मुठीच्या जागी एक प्रोटीन आहे, फिक्स-एल. त्याच्यातही हीम. हीमवर ऑक्सिजन बसलेला असला की फिक्स-एल गप्प. ऑक्सिजन उठून गेला की ते जागं होतं आणि फॉस्फेटचा एक तुकडा शेजारच्या फिक्स-जे नावाच्या प्रोटीनच्या हाती देतं. तो निरोप पोचला की कमी ऑक्सिजनात लागणारी जनुकं चालू होतात. फिक्स-एलमध्ये हीम आहे हे 1991 साली कळलं, लसूणघासाच्या गाठीतल्या जिवाणूत. सोयाबीनच्या जिवाणूतही हीच जोडी आहे.

मला यात गंमत वाटते ती ही, की फिक्स-एल ऑक्सिजन वापरत नाही, साठवत नाही. पाहुणा ओट्यावर आहे की उठून गेला, एवढंच बघतं.

आणि म्हणूनच प्रयोगशाळेतल्या लोकांची नजर त्याच्यावर गेली. मोग्लिख, एयर्स आणि मोफॅट या तिघांनी 2009 साली काय केलं माहीत आहे? आपल्याच सोयाबीनच्या जिवाणूचं फिक्स-एल घेतलं आणि त्याचं नाक कापलं. (अब्रू नाही गेली, उलट वाढली.) ऑक्सिजन ओळखणारा तुकडा काढून तिथं दुसऱ्या एका जिवाणूच्या प्रोटीनमधला निळा प्रकाश ओळखणारा तुकडा बसवला. नाकाच्या जागी डोळा! मागचं यंत्र मात्र जुनंच. आता निळा दिवा लावला की हे प्रोटीन गप्प, अंधार केला की चालू. त्यावरून पुढे अशी साधनं बनली, की संशोधक नुसत्या दिव्यानं जिवाणूतलं जनुक चालू-बंद करतात. औषध टाकायला नको, काही मिसळायला नको.

दुसरा उपयोग कारखान्यातला. औषधं, एन्झाइम बनवायला मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवतात. गर्दी झाली की टाकीत ऑक्सिजन कमी पडतो. जेम्स बेली आणि आयआयटी मुंबईत शिकलेले चैतन खोसला यांनी 1988 साली विट्रिओसिला या जिवाणूचं हिमोग्लोबिन ई. कोलाय जिवाणूत घातलं, आणि तो कमी ऑक्सिजनातही चांगला वाढला. त्या हिमोग्लोबिनच्या जनुकाचं बटण ऑक्सिजन घटला की आपोआप दाबलं जातं. हे बटणही आता वेगळं काढून वापरतात.

बाकी वायूंचंही असंच. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी अंगात नायट्रिक ऑक्साइड सोडते. तो ओळखणारं हीमवालं प्रोटीन रक्तवाहिन्या सैल करतं. केळी पिकवणारा इथिलीन ओळखायला झाडाजवळ वेगळं प्रोटीन आहे, तिथं लोहाच्या जागी तांबं. कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन याच प्रोटीनला फसवतो. फळं पिकवायला कार्बाइड वापरायला बंदी आहे, हे आठवडी बाजारात कोणाच्या ध्यानात असतं कोणास ठाऊक.

[शेजारच्या वावरातून काका येतात.]

काका: "आरे, थे सारं ठीक हाय. पन माह्या खालच्या अंगाची सोयाबीन पिवळी काहून पडली बाप्पा?"

घ्या, खरा प्रश्न आला. काका, तुमच्या खालच्या अंगाला पाणी साचलं. काळ्या मातीची सारी छिद्रं पाण्यानं भरली. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानानं दहा हजार पट हळू सरकतो. मगाशी म्हटलं ना, कमी लागतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. श्वास तुटला की जिवाणूला ऊर्जा नाही, अन् नत्रही नाही.

काका: "मंग युरिया फेकू का?"

थांबा! आयता नत्र मिळाला की झाड गाठींकडे पाहत नाही. पेरणीच्या वेळचा डोस वेगळा, हा वेगळा. आधी गाठ फोडून पाहू. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती काम करत नाहीये; मग पहिले नाली काढून पाणी धुऱ्याबाहेर, अन् वाफसा आल्याबरोबर डवरा. गुलाबी निघाली तर कारण दुसरं असेल. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही म्हणूनही कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

चला काका, कुदळ घ्या. वरच्या अंगाचं एक झाड काढू, खालच्या अंगाचं एक.

[कॅमेरा दोघांच्या मागे चालत खालच्या अंगाकडे.]