हार्वर्डचे ३ टक्के आणि आपली अकरावी

नमस्कार मंडळी, आज गप्पा नंतर, आधी आकडा.

हार्वर्ड. २०२४ ला ज्यांची ॲडमिशन झाली ती बॅच. अर्ज आले ५४,००८, घेतले १,९३७. टक्केवारी ३.५९.

(स्क्रीनवर: ५४,००८ / १,९३७)

आता हा आकडा घेऊन तुम्ही नाशिकच्या कॉलेज रोडला कुठल्याही अब्रॉडवाल्यांच्या ऑफिसात जाऊन बसा, दोनपैकी एक वाक्य ऐकायला मिळणार. एक तर "ते आपल्यासाठी नाही हो, कॅनडा बघूया का", नाहीतर "आमचं पॅकेज घ्या, नववीपासून प्रोफाइल बिल्ड करून देतो". माझं म्हणणं असं की दोघंही त्या ३ टक्क्यांचा धंदा करतायत, एक घाबरवून आणि एक आशा लावून, आणि तो आकडा तुमच्या मुलीबद्दल किंवा मुलाबद्दल खरं तर काहीच सांगत नाही. मग काय सांगतं, ते बघू.

आधीच क्लिअर करते, हा व्हिडिओ बारावीनंतर बाहेर जाणाऱ्यांसाठी आहे. नाशकातून जास्त पोरं बीई करून एमएसला जातात, त्याचं गणित वेगळं, तिथे डिपार्टमेंट ठरवतं, त्यावर स्वतंत्र बोलू.

तर हा आकडा एवढा खाली आला कसा? २०१५ मध्ये हार्वर्डला अर्ज होते ३७,३०७ आणि घेतले १,९९०. नऊ वर्षांनी अर्ज ५४ हजार आणि घेतले जवळपास तेवढेच. म्हणजे जागा वाढल्या नाहीत, रांग वाढली. आणि रांग का वाढली तर एक म्हणजे कॉमन ॲप, एकच फॉर्म भरायचा आणि वीसपर्यंत कॉलेजांना पाठवायचा, त्यामुळे एकच पोरगं वीस ठिकाणच्या रांगेत उभं दिसतं. दुसरं कोविड. एसएटी, म्हणजे तिकडची प्रवेशासाठीची परीक्षा, देणं ऐच्छिक केलं आणि एका वर्षात हार्वर्डचे अर्ज ४०,२४८ वरून ५७,४३५ वर गेले. पोरं एका वर्षात हुशार झाली का? नाही ना. ज्यांनी आधी "आपला स्कोअर नाही" म्हणून सोडून दिलं असतं त्यांनी पण टाकला फॉर्म, एवढंच. आता हार्वर्ड, एमआयटी, येल, डार्टमथ, ब्राऊन, कॅलटेक या सगळ्यांनी परीक्षेचा स्कोअर परत मागायला सुरुवात केलीय, येल एसएटीऐवजी एपी किंवा आयबी या दुसऱ्या परीक्षांचे मार्क पण चालवतं, त्यामुळे "टेस्ट ऑप्शनल आहे" असं कोणी सांगितलं तर कोणत्या कॉलेजला, कोणत्या वर्षाला, हे विचारा.

आणि कॉलेजांनाही ही रांग आवडते बरं का. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो २००६ च्या सुमाराला साधारण ३८ टक्के मुलं घ्यायचं, आता ५ च्या आसपास. बॉस्टनचं नॉर्थईस्टर्न, एकेकाळी आसपासच्या पोरांचं कॉलेज, आता वर्षाला ९० हजाराच्या पुढे अर्ज. जितके जास्त नाकारू तितके आपण भारी, असा तो हिशेब. रँकिंग काढणाऱ्या यूएस न्यूजने २०१८ मध्ये ॲडमिशनची टक्केवारी आपल्या फॉर्म्युल्यातून काढून टाकली, आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डने ठरवलं की आम्ही दरवर्षी हा आकडा गाजावाजा करून जाहीर करणार नाही. मला हे आवडलं. पण व्हॉट्सॲप फॉरवर्डवाल्यांना कोण सांगणार.

बरं. आता आपल्या डोक्यातला घोळ, कारण खरी अडचण इथे आहे.

आपण वाढलोय कॅप राउंडवर. सीईटीचे पर्सेंटाइल, कॅटेगरी, कटऑफ, लिस्ट लागली, नाव वर असेल तर मिळालं, पॉइंट शून्य तीनने हुकलं तर हुकलं, राग आला तरी कारण कळतं. त्यामुळे पालक मला विचारतात "मॅडम, एसएटीला किती लागतात हार्वर्डला?" आणि मी १५५० म्हणाले की लगेच क्लासची चौकशी. पण तिथे कटऑफ असा प्रकारच नाही. १६०० पैकी १६०० वाल्यांना दरवर्षी नकार जातात.

ते लोक बॅच "बांधतात". आपल्याकडच्या ढोल पथकासारखं समजा. नाशिक ढोल म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. पथकात गणपतीआधी चाळीस जण ढोल वाजवायला येतात, सगळे एकसे एक, पण ताशाला दोनच, झांजांना कोणी नाही, आणि ध्वज धरणारा गेल्या वर्षी पुण्याला नोकरीला गेला. मग साधा वाजवणारा पण ध्वज नीट नाचवणारा आत येतो आणि उत्तम ढोलवाला बाहेर राहतो, आणि बाहेर राहिलेल्याला वाटतं आपलं काय चुकलं. काहीच चुकलं नाही. तसंच यांना ऑर्केस्ट्राला बासून नावाचं वाद्य वाजवणारा हवा असतो, क्लासिक्स म्हणजे ग्रीक-लॅटिनच्या डिपार्टमेंटला विद्यार्थी हवे असतात, वेगवेगळ्या राज्यांतले, देशांतले हवे असतात. आणि भारतातून येणारे जवळपास सगळे ढोलच घेऊन येतात, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स.

त्यात काही जागा तर तुमचा फॉर्म पोचायच्या आधीच गेलेल्या असतात. खेळाडू. माजी विद्यार्थ्यांची मुलं. हार्वर्डवर जी केस झाली, जी २०२३ ला सुप्रीम कोर्टात निकाली निघाली आणि वंशाचा विचार करून ॲडमिशन देणं बंद झालं, त्या केसमध्ये आतले आकडे बाहेर आले होते, की ज्यांचे आईवडील हार्वर्डचे त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांना ॲडमिशन मिळत होती, बाकीच्यांना ६ टक्क्यांच्या आसपास. एमआयटी आणि कॅलटेक हे बघत नाहीत, जॉन्स हॉपकिन्स आणि ॲमहर्स्टने बंद केलं. बाकी बऱ्याच ठिकाणी अजून चालू. आपल्याकडे मॅनेजमेंट कोटा म्हटलं की नाकं मुरडतात, तिकडे त्यालाच लेगसी म्हणतात आणि सोबत टाय लावतात.

मग अर्ली डिसिजन. हे नीट ऐका कारण यात पालक फसतात. नोव्हेंबरला एकाच कॉलेजला अर्ज करायचा आणि लिहून द्यायचं की घेतलंत तर येणारच. बऱ्याच खाजगी कॉलेजांत निम्मी बॅच यातूनच भरते, कारण कॉलेजला हमी मिळते की पोरगं दुसरीकडे पळणार नाही. साहजिकच इथली टक्केवारी चांगली दिसते. पण हमी तुम्हीही दिलेली असते ना, दुसऱ्या कॉलेजने जास्त स्कॉलरशिप दिली असती का हे बघायची सोयच राहत नाही. पैसे पुरले नाहीत तर त्यातून बाहेर पडता येतं, ते खरं, पण भाव करता येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डमध्ये अर्लीचा वेगळा प्रकार आहे, तिथे बांधून घेत नाहीत, फक्त त्याच वेळी दुसऱ्या खाजगी कॉलेजात अर्ली टाकायचं नाही.

आता पैसे. माझ्या मते नाशिकच्या मुलासाठी सगळ्यात मोठा दरवाजा हाच, एसएटी-बिएसएटी नंतरची गोष्ट.

या कॉलेजांचा वर्षाचा खर्च, फी, राहणं, खाणं धरून, ९० हजार डॉलरच्या घरात. चार वर्षांचा गुणाकार तुम्हीच करा, मी कॅमेऱ्यासमोर नाही करत. मग जो मुलगा म्हणतो "मला मदत लागेल", त्याच्याकडे कॉलेजं दोन पद्धतीने बघतात. नीड-ब्लाइंड म्हणजे ॲडमिशन ठरवताना तुम्ही मदत मागितलीय का हे बघतच नाहीत. नीड-अवेअर म्हणजे बघतात, आणि मागितली असेल तर दरवाजा अरुंद होतो. आता गोम अशी की बरीच कॉलेजं अमेरिकन मुलांसाठी ब्लाइंड आणि आपल्यासाठी अवेअर. स्टॅनफर्डसुद्धा बाहेरच्या मुलांच्या बाबतीत अवेअर आहे. बाहेरच्यांसाठीही ब्लाइंड असलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, नंतर डार्टमथ, बोडोइन, ब्राऊन वगैरे आली. धोरण बदलतं, त्यामुळे अर्ज करायच्या वर्षी त्यांच्याच साइटवर वाचा, माझ्या व्हिडिओवर जाऊ नका.

पण म्हणून या ब्लाइंडवाल्यांत सोपं असतं असं नाही, जगभरची पोरं तिथेच येतात. एमआयटीत बाहेरच्या देशातल्यांसाठी टक्केवारी २ च्या आसपास राहते. मात्र घेतलं तर पैशाचं बघतात. हार्वर्डने २०२५ ला जाहीर केलं की ज्यांचं घरचं उत्पन्न वर्षाला १ लाख डॉलरच्या आत, आणि मालमत्ता साधारण त्याच बेताची, त्यांना फी, राहणं, जेवण सगळं मोफत, आणि २ लाख डॉलरपर्यंत निदान शिकवणीची फी माफ. एक लाख डॉलर म्हणजे ८५-९० लाख रुपये झाले ओ. सातपूर-अंबडला कंपनीत असलेले, सिडकोतले शिक्षक, नाशिकरोडचे नोट प्रेसवाले, सगळेच्या सगळे आत. आणि आपण फी बघून लिंक बंद करतो.

यात एक किचकट भाग आहे आणि तो आपल्याच भागातल्या लोकांना लागतो. मदतीसाठी बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात उत्पन्न विचारतात तशी मालमत्ता पण विचारतात, घर, धंदा, शेती, सगळ्याची किंमत. आता निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला डोळ्यासमोर आणा. सातबारावर चार एकर, हायवेजवळ असेल तर आजच्या भावाने आकडा कोटींत. हातात काय? बेमोसमी पाऊस झाला की मणी तडकले, एक्सपोर्टचा माल लोकलला गेला, वर सोसायटीचं कर्ज. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही म्हणून आयटीआर पण नाही. तिकडे बसलेल्या माणसाला कागदावर दिसतो करोडपती ज्याला मुलीसाठी पूर्ण मदत हवीय. म्हणून त्या फॉर्ममध्ये शेवटी विशेष परिस्थिती लिहायला जागा असते, ती रिकामी सोडायची नाही. तीन वर्षांच्या बाजार समितीच्या पट्ट्या, कर्जाचं स्टेटमेंट, पीक विम्याचे कागद, इंग्रजीत दोन साध्या परिच्छेदांत मांडायचं की जमीन विकली तर उद्याचं उत्पन्नच संपतं. रडगाणं नको, हिशेब पाहिजे.

आता अकरावी. टायटलमध्ये लिहिलंय म्हणून आलात ना.

आपल्याकडे अकरावी म्हणजे आराम, असं सगळेच म्हणतात, कॉलेजवाले पण. इंटिग्रेटेडला नाव घालायचं, दिवसभर क्लासला, कॉलेजचं तोंड प्रॅक्टिकलला बघायचं. जेईई किंवा नीटसाठी चालून जातं. पण ही कॉलेजं नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क मागतात, आणि बोर्डाचा बारावीचा निकाल लागतो मे महिन्यात आणि त्यांचा निर्णय येतो मार्चअखेर, म्हणजे निर्णय होताना त्यांच्या समोर असते तुमची नववी, दहावी आणि ती आरामाची अकरावी. बारावीचा फक्त तुमच्या ज्युनिअर कॉलेजने दिलेला अंदाज.

त्यात दोन शिक्षकांची पत्रं लागतात, आणि तुमच्या ज्युनिअर कॉलेजकडून एक रिपोर्ट. ज्या सरांनी तुम्हाला वर्षभरात चार वेळा पाहिलं ते काय लिहिणार? "शी इज सिन्सिअर अँड हार्डवर्किंग." हे वाक्य तिकडे रोज शेकड्याने वाचत असतील. याउलट "हिने केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये टायट्रेशनचं रीडिंग पुस्तकाशी जुळेना म्हणून तीनदा परत केलं आणि शेवटी ब्युरेट गळतंय हे शोधलं" एवढं जरी कुणी लिहिलं तरी वाचणारा थांबतो. पण त्यासाठी त्या सरांच्या लॅबमध्ये असावं लागतं.

बाकी ॲक्टिव्हिटीचं जे अवडंबर आहे त्यावर एकच मिनिट. कॉमन ॲपमध्ये दहा ॲक्टिव्हिटी लिहिता येतात, प्रत्येकीला वर्णन फक्त १५० कॅरॅक्टर, स्पेस धरून. एनजीओ काढली, ॲप काढलं, टेडटॉकसारखं काहीतरी दिलं, पॅकेजवाले हेच विकतात आणि दरवर्षी सारखंच विकतात. घरच्या द्राक्षांच्या पॅकिंगचा हिशेब सांभाळला, धाकट्या भावाला सांभाळलं, हे पण त्या यादीत बसतं, फॉर्ममध्ये घरच्या जबाबदाऱ्यांचा पर्याय चक्क दिलेला आहे. पोरं ते लिहायला लाजतात आणि न केलेला रोबोटिक्स क्लब लिहितात.

आणि कन्सल्टंट फुकट सल्ला देत असेल तर विचारा की तुमचे पैसे कोण देतं. बरीच कॉलेजं भरती झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतात, हार्वर्ड-एमआयटीसारखी नावं त्यात नसतात. त्यामुळे यादीत कोणती नावं येतात आणि कोणती येतच नाहीत हे आपोआप कळेल. अमेरिकेतली बहुसंख्य चार वर्षांची कॉलेजं निम्म्यापेक्षा जास्त अर्जदारांना घेतात, हे पण त्या ऑफिसात कोणी सांगत नाही, कारण मग भीती कशाची विकणार.

शेवटचं, तारखा. अर्लीची डेडलाइन साधारण १ नोव्हेंबर, रेग्युलरची जानेवारीच्या सुरुवातीला. १ नोव्हेंबर म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. ज्युनिअर कॉलेजचं ऑफिस बंद, प्राचार्य गावाला, लेटरहेड कपाटात, कपाटाची चावी क्लार्ककडे आणि क्लार्क सुट्टीवर. सर पत्र हाताने लिहून देणार आणि तिकडे ते ऑनलाइन अपलोड करायचं असतं, सरांच्या स्वतःच्या ईमेलवरून. त्यामुळे बारावीला असाल तर ऑगस्टमध्येच दोन्ही सरांना भेटा, त्यांचा रोज उघडला जाणारा ईमेल कोणता ते विचारा, कॉलेजचा रिपोर्ट कोण भरणार ते नाव पक्कं करा, आणि नववीची मार्कशीट शाळेतून आत्ताच काढून आणा, जुनी शाळा असेल तर सही-शिक्क्याला आठवडा जातो.

कॉलेजांची लिंक आणि सीएसएसचा नमुना खाली टाकलाय. पुढच्या वेळी एमएस.