मधे एक डोंगर, दोन टोकांना दोन पार्क

(दृश्य : मोठ्या घसरगुंडीच्या जिन्याखाली उंची मोजायची पट्टी. सात-आठ वर्षांची एक मुलगी टाचा उचलून उभी आहे.)

हिचा मोठा भाऊ केव्हाच जिना चढून वर गेलाय. मागे रांग खोळंबली आहे. पट्टीपाशी उभा असलेला कर्मचारी खाली वाकतो आणि हसून तिच्या टाचांकडे बोट दाखवतो. टाचा टेकतात. दोन बोटं कमी पडली. रडू अजून फुटलेलं नाही, पण खालचा ओठ बाहेर आला आहे.

स्पेनच्या तेनेरिफे बेटावर सियाम पार्क नावाचं पाण्याचं पार्क आहे, तिथे हे दृश्य दिवसभर दिसतं. प्रत्येक मोठ्या घसरगुंडीला किमान उंचीची अट आहे, आणि ती सुरक्षेसाठी आहे, तिथे गयावया चालत नाही. म्हणून तेनेरिफेच्या सहलीची तयारी मी सगळ्यांना एकाच गोष्टीपासून सुरू करायला सांगते. विमान, हॉटेल, तिकिटं नंतर. आधी मुलांना दाराच्या चौकटीला टेकवून उभं करा, उंची मोजा आणि मग पार्कच्या संकेतस्थळावर कुणाला कुठे बसता येईल ते मुलांच्या सोबतीनंच वाचा. 'हे तुला यंदा नाही' हे घरी कळलं तर मूल पाच मिनिटं फुगून बसतं. तिथे पट्टीपाशी कळलं, तर सगळा दिवस हातचा जातो.

तो उंचीचा आकडा जपून ठेवा. भाड्याची गाडी घेताना पुन्हा लागेल. स्पेनच्या कायद्यानुसार १३५ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या मुलांना मागच्या आसनावर, त्यांच्या मापाच्या चाइल्ड सीटमध्ये बसवावं लागतं. ही सीट गाडीसोबतच नोंदवून टाका.

(दृश्य : विमानाच्या खिडकीतून ढगांवर तरंगणारं शिखर.)

तेनेरिफे. कॅनरी बेटांमधलं सर्वांत मोठं बेट, क्षेत्रफळ २,०३४ चौरस किलोमीटर. राज्य स्पेनचं, चलन युरो, पण सर्वांत जवळची मुख्य भूमी म्हणाल तर आफ्रिकेची, सुमारे ३०० किलोमीटरवर. आणि बेटाच्या मध्यावर हा तेइदे ज्वालामुखी. उंची ३,७१५ मीटर. अख्ख्या स्पेनमध्ये याहून उंच शिखर नाही.

मुलांना घेऊन लोक इथे येतात ते प्रामुख्याने दोन ठिकाणांसाठी. उत्तर किनाऱ्यावर पुएर्तो दे ला क्रुस या गावात लोरो पार्के, म्हणजे प्राण्यांचं आणि पोपटांचं पार्क. नैर्ऋत्येला कोस्ता आदेखे इथे सियाम पार्क, पाण्याचं. दोन्हींचे मालक एकच. 'ट्विन तिकीट' नावाचं जोड-तिकीट मिळतं, आणि त्या तिकिटानंच पुष्कळांची गफलत होते. दोन पार्कं शेजारी-शेजारी असतील असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांच्या मध्ये तेइदे उभा आहे. महामार्ग डोंगराला वळसा घालून जातो. अंतर सुमारे १०० किलोमीटर, वेळ सव्वा तास, गर्दीत अधिक. दक्षिणेला मुक्काम ठेवून लोरो पार्के एका दिवसात उरकणारी कुटुंबं संध्याकाळी परतताना पाहा : मागच्या सीटवर मुलं आडवी, आणि त्यातल्या एकाला उलटी झालेली.

हा डोंगर हवासुद्धा वाटून देतो. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे, स्पॅनिशमध्ये 'अलिसिओस', समुद्रावरची ओल घेऊन तेइदेच्या उत्तर उतारावर चढतात आणि तिथे ढग धरतात. त्यामुळे उत्तर हिरवीगार, केळीच्या बागांची. दक्षिण कोरडी, निवडुंगांची, लख्ख उन्हाची. उन्हाळ्यात पुएर्तो दे ला क्रुसवर कधी-कधी ढगांचं झाकण बसतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. स्थानिक लोक त्याला 'पान्सा दे बुर्रो' म्हणतात. गाढवाचं पोट! खाली झोपून वर पाहिलं तर खरंच तसं दिसतं, करडं, मऊ, अगदी जवळ आलेलं. त्याच वेळी कोस्ता आदेखेत माणसं उन्हात भाजत असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : सात रात्री असतील तर मुक्काम दोन करा. चार रात्री दक्षिणेला, मग तीन उत्तरेला. एकदा बॅगा भरायचा त्रास होईल, तो सोसावा. आणि क्रमही हाच ठेवा, दक्षिण आधी, उत्तर नंतर. त्यामागचं कारण पुढे येईल.

(दृश्य : सकाळचा समुद्र. छोटी बोट. दूरवर काळे पाठपंख.)

पहिला दिवस नुसता झोपेचा. दुसऱ्या दिवशीही पार्कात जाऊ नका, समुद्रावर जा.

तेनेरिफे आणि ला गोमेरा या दोन बेटांमधल्या खोल पाण्यात पायलट व्हेल बाराही महिने राहतात. हंगाम बघावा लागत नाही. पुएर्तो कोलोन, लोस क्रिस्तियानोस, लोस खिगांतेस या बंदरांवरून बोटी सुटतात. बोट निवडताना तिच्यावर 'बार्को असुल'चा, म्हणजे 'निळ्या बोटी'चा झेंडा आहे का ते पाहा, ती परवान्याची खूण. स्पेनचा नियम असा की बोटीने प्राण्यापासून किमान ६० मीटर दूर राहायचं. त्याला खायला घालायचं नाही, त्याच्याजवळ पाण्यात उतरायचं नाही. एखादा नावाडी 'अगदी हात लागेल इतकं जवळ नेतो' म्हणाला, तर दुसरी बोट शोधा.

(दृश्य : इंजिन बंद. पाण्यावर सात-आठ काळ्या पाठी, ओंडक्यांसारख्या निश्चल.)

ऐका. फुस्स... असा एक उसासा. मग दुसरा. हे त्यांचे श्वास आहेत. दिवसा त्या अशा पृष्ठभागावर पडून विसावतात, आणि मुलांना वाटतं, या काहीच करत नाहीत. मग मुलांना सांगा, या आत्ता दमून आल्या आहेत. तेनेरिफेजवळच या व्हेलना नोंदयंत्रं चिकटवून अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. भक्ष्यामागे त्या १,००० मीटरपर्यंत खोल बुडी मारतात आणि त्या अंधारात सेकंदाला ९ मीटर वेगाने धावतात. संशोधकांनी त्यांना खोल समुद्रातले चित्ते म्हटलं. एका श्वासात एक किलोमीटर खाली जायचं आणि एक किलोमीटर वर यायचं! हे ऐकल्यावर पोरं त्या निश्चल पाठींकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागतात. आणि एक पिल्लू आईच्या कुशीला लागून श्वास घ्यायला डोकं वर काढतं, तेव्हा बोटीवर कुणी बोलत नाही.

नावात व्हेल असली तरी ही जात डॉल्फिनच्या कुळातली. ओर्का, म्हणजे किलर व्हेल, तोसुद्धा त्याच कुळातला. हे लक्षात ठेवा.

(दृश्य : लाटांचा तलाव. आरडाओरडा, हशा.)

आता सियाम पार्क. २००८ साली थायलंडच्या राजकुमारी महा चक्री सिरिनधोर्न यांच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि सगळी रचना थाई धाटणीची आहे. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी बसवलेलं असल्याने वारा अडतो. पाणी समुद्राचंच, क्षार काढलेलं, आणि २४ अंशांपर्यंत कोमट केलेलं. लहान मुलं थंडीनं काकडून दहा मिनिटांत बाहेर येतात, तो प्रश्न इथे बराच कमी होतो.

लाटांच्या तलावात तीन मीटरपर्यंत लाट उठते. लाट सुरू होण्याआधी लहानांना काठावरच्या वाळूत घ्या, हे मी कळकळीनं सांगते. उथळ पाण्यात उभं असलेलं चार वर्षांचं मूल त्या लाटेच्या ओढीपुढे टिकत नाही. 'टॉवर ऑफ पॉवर' ही २८ मीटर उंचीवरून जवळजवळ सरळ खाली येणारी घसरगुंडी. शेवटी ती मत्स्यालयातून जाते, भोवती शार्क आणि रे मासे. खरं सांगायचं तर त्या वेगात मासे दिसत नाहीत. ते शांतपणे पाहायचे तर 'माय थाय' नदीत ट्यूबवर बसून तरंगत फिरा, आजी-आजोबांनासुद्धा हीच जागा. लहानग्यांसाठी 'लॉस्ट सिटी' हा पाण्याचा किल्ला आहे, आणि 'सवासदी' भागात मोठ्या घसरगुंड्यांच्या छोट्या आवृत्त्या. सुरुवातीला दिसलेली ती मुलगी नंतर तिथे सापडली. अकराव्या वेळेला वर चढत होती.

मोठी माणसं दोन असतील तर पाळ्या ठरवून घ्या, एक मोठ्या मुलाबरोबर वर, दुसरा धाकट्याजवळ. मोबाइल लॉकरमध्ये असतो, तेव्हा भेटायची जागा आणि वेळ आधीच बोलून ठेवा. पायात पाण्यात चालणारी चप्पल हवी, दुपारी फरशी तापते. आणि ऊन! बेट २८ अक्षांशावर आहे, पण वारा गार लागतो, म्हणून कातडी भाजतेय हे कळत नाही. बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. आफ्रिकेतून सहाराची धूळ घेऊन येणारा 'कालिमा' वारा सुटला असेल आणि घरात कुणाला दमा असेल, तर पार्काचा दिवस पुढे ढकला.

सियाम पार्कच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका. मुलांना वाळूत सोडा. तेवढं पुरतं.

(दृश्य : वळणांचा रस्ता, पाइनचं जंगल.)

उत्तरेला जाताना एकदा तरी महामार्ग सोडून तेइदेवरून जा. विलाफ्लोर गाव ओलांडलं की कान दडपतात, हवा गार होते, स्वेटर निघतात. दोन हजार मीटरच्या वर लाव्हाचं पठार लागतं, तांबडं, काळं, पिवळं. या राष्ट्रीय उद्यानाची घोषणा १९५४ ची, २००७ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. रोपवे २,३५६ मीटरवरून ३,५५५ मीटरवर नेतो. अगदी लहान मूल किंवा हृदयाचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल, तर वर जाण्याचा हट्ट धरू नका. खालूनही डोंगर भरभरून दिसतो.

मग उतार सुरू होतो, उत्तरेकडच्या ओरोताव्हा खोऱ्याच्या दिशेने. इथे गाडी थांबवून पाइनची साल हाताला लावून पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये या बाजूच्या जंगलाला मोठा वणवा लागला. खोड कोळशासारखं काळं, बोट काळं होतं, आणि त्याच खोडातून थेट हिरव्या सुयांचे झुबके फुटलेले. कॅनरी पाइन जाड सालीमुळे आगीतून वाचतो आणि पुन्हा पालवतो. या सुया ढगांतली ओल धरून थेंब-थेंब जमिनीत सोडतात. थोडं खाली गेलात की त्याच ढगात गाडी शिरते, वरून. ज्याला खाली गाढवाचं पोट म्हणतात, त्याची ही पाठ.

(दृश्य : पोपटांचा कलकलाट.)

लोरो म्हणजे पोपट. १९७२ च्या डिसेंबरमध्ये वोल्फगांग कीसलिंग यांनी सुमारे दीडशे पोपट घेऊन हे पार्क सुरू केलं. गावातून पिवळी छोटी आगगाडी फुकट नेते. दार उघडताच आत शिरा. दक्षिणेकडच्या बसगाड्या येईपर्यंत तासभर पार्क तुमचं असतं. त्या तासात पेंग्विनकडे जा. काचेपलीकडे छतातून बर्फ पडत असतो, आणि तिथला उजेड दक्षिण गोलार्धाच्या ऋतूंप्रमाणे ठेवतात. बाहेर भर उन्हाळा असला तर आत अंधारलेला हिवाळा. हे असं उलटं का, मुलांना विचारून पाहा, मग त्यांना काचेपासून हलवणं कठीण. गोरिलांचा कळप फक्त नरांचा आहे. निसर्गात एक मोठा नर अनेक माद्या सांभाळतो, त्यामुळे पैदास कार्यक्रमात जास्तीचे नर उरतात, त्यांना असं एकत्र ठेवतात.

आणि ओर्का. इथे मी मध्यम मार्ग सांगणार नाही, माहिती सांगते. २००६ मध्ये चार ओर्का अमेरिकेतून इथे आणले. २००९ मध्ये सरावाच्या वेळी केटो नावाच्या ओर्कामुळे एका प्रशिक्षकाचा मृत्यू झाला. २०२१ ते २०२४ या काळात इथले चार ओर्का मेले, त्यांतली ऊला तर तीन वर्षांचीही झाली नव्हती. दुसऱ्या बाजूला, याच पार्कने १९९४ मध्ये पोपट वाचवण्यासाठी प्रतिष्ठान उभं केलं, आणि तेनेरिफेत जन्मलेले लिअर्स मकाऊ जातीचे पोपट त्यांच्या मूळ देशात, ब्राझीलला पाठवले. निळाशार पक्षी, चोचीच्या कडेला पिवळी कोर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरीनं पहिली पुसली जात नाही. ओर्कांचा खेळ पाहायचा की नाही हे घरात आधी बोला. मुलांना ठरवू द्या. समुद्र आधी बघायला सांगितलं ते यासाठीच. बोटीवर गेलेल्या मुलांपैकी एकानं कुंडापाशी विचारलं, "आई, हा इथे खाली किती जाऊ शकतो?" त्या कुटुंबाने खेळाची वेळ मकाऊंच्या पिंजऱ्यापाशी घालवली.

(दृश्य : संध्याकाळ. काळ्या लाव्हाखडकांमधले खाऱ्या पाण्याचे तलाव.)

परतीच्या आदल्या दुपारी लागो मार्तियानेस. कलाकार सेसार मान्रिके यांनी रचलेले तलाव, १९७७ पासून गावाच्या काठावर. पाणी अटलांटिकचं. पलीकडे भिंतीवर लाटा आपटतात, अलीकडे धाकटी मुलगी वडिलांच्या पाठीवर पडून पाय मारते. विमान सकाळचं असेल, तर सामान रात्रीच भरा. उजाडल्यावर महामार्गावर सांताक्रूझ या बेटाच्या राजधानीच्या दिशेने कामाला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, आणि दक्षिणेचा विमानतळ डोंगराच्या पलीकडच्या बाजूला आहे.