न सापडलेले मासे

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी आणि आमचे हे, सकाळी सकाळी इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावावर गेलो होतो, पक्षी बघायला. म्हणजे पक्षी त्यांना बघायचे होते. मला जाळी निघताना बघायची होती. चौतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त झाले, तरी ओल्या जाळ्याचा वास आला की पाय आपोआप तिकडं वळतात.

एका होडीतून टोपली उतरली. तीत रोहू होते, कतला होते, थोडे मृगल. आणि एक मासा असा, की मी चष्मा पुसून परत पाहिला. डोकं कतल्यासारखं थोराड, पण तेवढंही थोराड नाही. तोंड कतल्याचं वर वळलेलं असतं, याचं सरळ. खालच्या ओठाला रोहूसारखी झालर, तीही अर्धवट शिवून सोडून दिल्यासारखी. मी विचारलं, "भैया, ये कौन सी है?" तो हसून म्हणाला, "मॅडमजी, ये मिक्स आयटम है."

आज बोलायचं आहे ते या मिक्स आयटमविषयी. खरं सांगायचं तर, तो ज्या तळ्यांत सापडत नाही त्या तळ्यांविषयी.

स्वीडनच्या डोंगराळ भागात, नॉर्वेच्या हद्दीकडं, बुनेरशोआर्ना नावाची दोन चिमुकली तळी आहेत. त्यांत तपकिरी ट्राउट मासे राहतात. एक मासा दुसऱ्यासारखाच, तेच ठिपके, तीच शेपटी. गळ टाकणाऱ्याला तिथं एकाच प्रकारचा मासा मिळतो. 1970च्या दशकात फ्रेड ऑलेनडॉर्फ, निल्स रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशांच्या शरीरातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, तपासलं.

ही तपासणी आमच्या पिढीनं हातानं केली आहे, म्हणून सांगते. कुरडयांचा चीक शिजवून ताटात ओतावा आणि थिजू द्यावा, तशी स्टार्चची वडी करायची. तिच्या एका कडेला माशाच्या मांसाचा रस लावायचा आणि वडीतून वीज सोडायची. विकराचे रेणू विजेच्या ओढीनं सरकू लागतात, कुणी भरभर, कुणी रेंगाळत. मग रंग टाकला की जिथं रेणू पोचले तिथं जांभळी-निळी पट्टी उमटते. विकर घडतं जनुकाच्या सांगण्यावरून, म्हणून जनुक वेगळं असेल तर पट्टीची जागा वेगळी. तासन्‌तास बसायचं, बोटं रंगायची, आणि घरी गेल्यावर सासूबाई विचारायच्या, आज काय जांभळं खाल्लीस का.

तर त्या तळ्यांत या विकराच्या जनुकाचे दोन नमुने निघाले. प्रत्येक माशाला जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. दोन्ही नमुने तळ्यात सारख्या प्रमाणात असतील आणि मासे आपसात सरमिसळ पिल्लं घालत असतील, तर हिशेब साधा आहे. चारांतल्या एका माशात दोन्ही प्रती पहिल्या नमुन्याच्या, एकात दोन्ही दुसऱ्या, आणि उरलेल्या दोघांत एक याची, एक त्याची. म्हणजे निम्मे मासे मिश्र निघायला हवेत.

मिश्र मासे जवळजवळ नव्हतेच.

याचं महत्त्व कळायला आपलंच उदाहरण घेऊ. आपण इंदूरचे मराठी. मल्हारराव होळकरांच्या काळापासून धरलं तर जवळपास तीनशे वर्षं या पाण्यात आहोत. आपल्या घरात दूध नासत नाही, फाटतं. मुलगा काही करत नसतो, तो 'करून राहिला' असतो. पुण्याचे पाहुणे हसतात, की फाटतं ते कापड. हसू देत. पण ही आपली दोन भाषांची खिचडी हाच तर पुरावा आहे, की इथं माणसं एकमेकांत मिसळली. आता समजा, तुम्ही राजवाड्यासमोर दिवसभर कान देऊन बसलात, आणि तुम्हाला एक तर सदाशिव पेठेतलं मराठी ऐकू आलं किंवा चोख मालवी. 'दूध फाटलं' म्हणणारा एकही माणूस भेटला नाही. काय वाटेल? सगळे एकाच चौकात पोहे-जिलबी खात आहेत, कपडेही सारखे, पण एकमेकांशी बोलत नाहीत!

बुनेरशोआर्नाचे ट्राउट असेच होते. दिसायला एक, आणि वंश दोन. पुढं बारकाईनं पाहिल्यावर दोघांच्या वाढीच्या वेगातही फरक निघाला. पण भेद पकडला गेला तो या गैरहजेरीवरून. एका टोपलीत दोन वेगळे गट एकत्र मोजले तर मिश्र कमी दिसतात, हे गणित स्टेन वालुंड यांनी 1928 साली मांडलं होतं. ते स्वतःही स्वीडनचेच.

असं कसं होतं? पाणी एक, आणि मध्ये ना बांध ना भिंत. एक रस्ता असा, की मासे वेगळे होऊनच आत आलेले असतात. आयर्लंडमधल्या मेल्विन सरोवरात तीन तऱ्हेचे ट्राउट आहेत. एक गोगलगाई खातो, त्याच्या पोटाची भिंत जाड. एक मधल्या पाण्यातले बारीक जीव टिपतो. तिसरा, फेरॉक्स, मासेच खातो. वर्षभर तिघं एका सरोवरात, पण अंडी घालायला एक जण सरोवरातून बाहेर पडणाऱ्या नदीत जातो आणि बाकीचे दोघं आत येणाऱ्या पाण्यात, तेही वेगवेगळ्या जागी. सासर एक पण माहेर वेगळं, असं म्हणा हवं तर.

दुसरा रस्ता मला जास्त थक्क करतो. तांझानियाच्या दक्षिण भागात ज्वालामुखीच्या विझलेल्या तोंडात साठलेलं मासोको नावाचं तळं आहे. त्याची रुंदी सुमारे 700 मीटर. राजवाड्याहून निघून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या ओलांडून जरा पुढं गेलात की तेवढं अंतर होईल. त्यात सिक्लिड कुळातला एक छोटा मासा आहे. महाराष्ट्रात ज्याला चिलापी म्हणतात, त्याच कुळातला. काठाजवळ उथळ पाण्यात याचे नर पिवळे, आणि खाली अंधुक पाण्यात निळे. 2015 साली त्यांचा अख्खा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा दिसलं की बहुतेक ठिकाणी दोघं सारखेच आहेत. फरक काही मोजक्या जागी दाटून आलेला आहे. त्यात डोळ्यातल्या रोडॉप्सिनचं जनुकही आहे, म्हणजे कमी उजेडात पाहायला लागणारं रसायन. दोघांना वेगळं व्हायला लागली 500 ते 1000 वर्षं. आपली ज्ञानेश्वरी 1290 सालची. म्हणजे इकडं नेवाशात ओव्या रचल्या जात होत्या त्याच्या आगेमागे तिकडं त्या वाटीएवढ्या तळ्यात एका माशाचे दोन मासे होत होते. पिवळा आणि निळा अजून पुरते दुरावलेले नाहीत, अधूनमधून मिसळतात. वाटणी झाली आहे, पण मधलं दार अजून किलकिलं आहे.

आणि हे दार उलटंही उघडतं. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर एनॉस नावाच्या तळ्यात स्टिकलबॅक माशांच्या दोन जाती होत्या. एक तळाशी चरणारी, धष्टपुष्ट. दुसरी वरच्या पाण्यातली, सडपातळ. कुठून तरी त्या तळ्यात झिंग्यांसारखे क्रेफिश आले, काठची राहणी विस्कटली, आणि काही वर्षांत दोन्ही जाती एकमेकींत विरघळून गेल्या. मासे मेले नाहीत हो, मासे आहेत. जाती गेल्या. आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरातही हेच दिसलं. तिथल्या सिक्लिडांच्या माद्या नराचा लाल किंवा निळा रंग पाहून जोडीदार निवडतात. शेतातलं आणि वस्तीतलं सांडपाणी आलं, शेवाळ माजलं, पाणी गढुळलं. रंगच दिसेना, तर निवडायचं कसं? ओले सीहाउसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली हे दाखवलं.

आता परत आपल्या टोपलीकडं. रोहू, कतला आणि मृगल यांना साचलेलं पाणी राहायला चालतं, पण अंडी घालायला पावसाळ्यातली वाहती, फुगलेली नदी लागते. म्हणून तलावात त्यांची पिल्लं सोडावी लागतात. मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग बोटुकली, असे त्यांच्या वाढीचे टप्पे. ही पिल्लं मिळणं पूर्वी फार कठीण होतं, नद्यांच्या पुरात गाळून गोळा करावी लागत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पोषग्रंथीचा अर्क टोचून कार्पची अंडी बंदिस्त जागेत मिळवली. आजही तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. चौधरींबद्दल मला फार आदर आहे. आपल्या ताटातला रोहू बहुतेक वेळा त्या सुईमुळे तिथं पोचलेला असतो.

पण सुईला वेळकाळ नसतो आणि जागाही नसते. नदीत या तिघांना वेगळं ठेवणाऱ्या बारीकसारीक गोष्टी टाकीत उरत नाहीत. तिघांचीही गुणसूत्रं पन्नास-पन्नास. टोचलेले रोहू आणि कतला एकाच गोल टाकीत सोडले, कधी जागेच्या टंचाईनं, कधी निष्काळजीपणानं, की पाणी सगळ्यांचं एक होतं आणि बीजही. असा संकर वांझ नसतो. तो मोठा होतो, आणि पुढच्या मोसमात त्यालाच रोहू समजून सुई टोचली जाऊ शकते. त्या होडीवाल्यानं सांगितलं की बोटुकली एका खाजगी केंद्रातून आली होती. कुठल्या, ते त्यालाही धड माहीत नव्हतं. पिशवीवर लिहिलं होतं रोहू.

संकर वाईटच असतो असं मी म्हणत नाही. मघाशी मी आपल्या खिचडी भाषेचं कौतुक केलं, आणि ते मनापासून केलं. पण भाषा शिकता येते, विसरता येते, परत शिकता येते. नदीतल्या रोहूत विरघळलेला कतला कुणी परत वेगळा काढून देत नाही.

नर्मदेकडं पाहिलं की मला जास्त काळजी वाटते. आपला बाडस, म्हणजे महाशीर, 2011 पासून मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे. त्याला खडकाळ, वाहतं पाणी हवं, आणि नर्मदा आता जागोजागी थांबवलेली आहे. याचे दूरचे भाऊबंद इथिओपियातल्या ताना सरोवरात आहेत. त्या एका सरोवरात मोठ्या बार्ब माशांच्या पंधरा जाती. त्यातल्या आठ मासे खाणाऱ्या, खरं तर या कुळाला जबड्यात दातच नाहीत! दाताविना शिकार करायला शिकलेले आठ भाऊ. एवढं वैविध्य आपल्या बाडसाच्या पोटात आहे का, महेश्वरचा आणि वरच्या अंगाचा बाडस वेगळा आहे का, हे बघायचं तर नदी वाहती असतानाच बघायला हवं.

तो मिश्र मासा मी विकत घेतला नाही, आमच्या घरात चालत नाही. पण शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा मागून घेतला. होडीवाल्यानं कात्रीनं कापून दिला आणि मासा रोहूच्याच भावानं तोलून पुढच्या गिऱ्हाइकाला दिला. तुकडा स्पिरिट भरलेल्या छोट्या बाटलीत आहे. बाटली फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात, लिंबाच्या लोणच्याशेजारी. ह्यांनी दोनदा विचारलं, हे कधी जाणार. भोपाळला माझी एक जुनी विद्यार्थिनी असते, तिच्याकडं जनुकं तपासायचं मशीन आहे. ती म्हणाली, मॅडम, एका माशानं काय कळणार, पन्नास तरी पाठवा.

तेव्हा येत्या रविवारी आम्ही परत यशवंत सागरवर आहोत. पक्षी बघायला.

नमस्कार.