मोबाइलवरचा पंचनामा

(मुलुंड येथील व्याख्यानमालेत, महापालिका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात अनेक वर्षं काम केलेल्या एका वक्त्यांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. अपघातात माणूस गेला की मोबाइलवर त्यालाच दोष देतात, त्याबद्दल आज बोलायचंय. लोकलमधून पडून माणूस गेला की पुढे काय काय होतं, ते आधी सांगते. स्टेशन मास्तर मेमो काढतात. लोहमार्ग पोलीस आणि हमाल स्ट्रेचर घेऊन रुळांवर उतरतात. शीव, राजावाडी, कळवा, जे रुग्णालय जवळ पडेल तिथे नेतात. कॅज्युअल्टीतले डॉक्टर तपासतात आणि कागदावर ‘दाखल करण्यापूर्वीच मृत’ असं लिहितात. पोलीस अपघाती मृत्यूची नोंद करतात. तिला आमच्याकडे वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळे एडीआर म्हणतात. खिशातला पास, फोन, ऑफिसचं ओळखपत्र यांवरून ओळख पटवायची, घरी कळवायचं. नातेवाईक आले की पंचनामा, मग शवविच्छेदन. काही शंका असेल तर व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवतात. तो अहवाल यायला आठवडे लागतात, कधी महिने.

आणि एवढं सगळं झाल्यावर कागदावर काय उतरतं? डोक्याला मार लागून मृत्यू. तो माणूस पडला कसा, हे शवविच्छेदनात दिसत नाही. तोल गेला, मागून रेटा आला, हातातली दांडी सुटली, चक्कर आली, यातलं काहीही असू शकतं. आयुष्यभर शवविच्छेदनं केलेले डॉक्टरसुद्धा इथे थांबतात. ‘कसा पडला हे मी सांगू शकत नाही,’ असं ते पोलिसांना तोंडावर सांगतात.

फोनवर मात्र मेमो निघायच्या आधी व्हिडिओ आलेला असतो, आणि त्याखाली निकालही. कानात हेडफोन असणार. रील काढत असेल. प्यायलेला असेल. बायकोशी भांडून निघाला असेल. उडीच मारली असेल, नीट बघा, पाय कसा टाकलाय.

शवागाराबाहेर आमच्याकडे एक लाकडी बाक होता. तिथे एकदा एक मुलगी बसली होती, वीस-बावीस वर्षांची. धाकटा भाऊ गेला होता. वडील पोलिसांबरोबर कागद करत होते, आई घरीच होती, तिला अजून ‘लागलंय’ एवढंच सांगितलेलं. मी पाणी घेऊन गेले तर ही मान खाली घालून फोनवर टाइप करत होती. मला वाटलं, नातेवाइकांना कळवत असेल. ती भावाच्या व्हिडिओखाली उत्तरं देत होती. एकाने लिहिलं होतं, ‘दारात लटकून हिरोगिरी, दुसरं काय.’ हिने लिहिलं, ‘तो लटकत नव्हता, त्याला आत जाता आलं नाही.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘गर्दुल्ला दिसतोय.’ हिने लिहिलं, ‘तो सीएच्या आर्टिकलशिपला जात होता.’ एकेकाला ती उत्तर देत होती, नीट, शुद्धलेखनासकट. समोरून एकजण लिहितो, ‘तुला काय माहीत, तू होतीस का तिथे?’ ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मॅडम, ह्याला काय सांगू?’

भाऊ आत होता आणि तिला रडायला वेळ नव्हता. ती त्याचं वकीलपत्र घेऊन बसली होती. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला नाही, कारण तो काढून घेतला असता तर भावाच्या बाजूने बोलणारं तिथे कोणीच उरलं नसतं, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

आता हे लिहिणारे कोण असतात? ते राक्षस असतात असं मला वाटत नाही. त्यांतले बरेचसे त्याच लोकलने जाणारे असतात, आणि इथेच ह्या विषयाचं मूळ आहे असं माझं मत आहे. मेल्विन लर्नर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी कॅरोलिन सिमन्स यांच्यासोबत केलेला एक प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध झाला. एका स्त्रीला विजेचे झटके बसताहेत असं दृश्य काही जणांना दाखवलं. झटके खरे नव्हते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ज्यांना तिचा त्रास थांबवता येत नव्हता आणि तो पुढेही चालूच राहणार असं वाटत होतं, त्यांनी त्या स्त्रीलाच नावं ठेवायला सुरुवात केली. जग न्यायाने चालतं, ज्याचं वाईट होतं त्याने काहीतरी केलेलंच असतं, असं मानण्याची माणसाला गरज असते, असा लर्नर यांचा निष्कर्ष होता.

हे मुंबईला लावून बघा. गर्दीच्या वेळी आपल्या लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, काही रूळ ओलांडताना, काही गाडीतून पडून. उद्या सकाळी आठ-बाराच्या फास्टला मला त्याच दारात उभं राहायचंय. तो काहीही चूक न करता गेला असेल, तर मीही जाऊ शकते. हा विचार घेऊन रोज गाडीत चढता येत नाही. मग त्याच्या कानात हेडफोन घातला की बरं वाटतं. मी हेडफोन घालत नाही, म्हणजे मला काही होणार नाही. भीती खरी आहे, मला ती समजते. पण तिची किंमत बाकावर बसलेल्या त्या मुलीने का मोजायची?

९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान, वळणावर, समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं खाली पडली. त्या दिवशी चौघे गेले, पुढे हा आकडा वाढला. तिथेही पहिला प्रश्न होता, दारात कशाला लटकतात? कसारा-कर्जतच्या लोकांना विचारा ना. ऑफिसच्या वेळेला गाडीत दारात उभं राहणं हा आवडीचा भाग नसतो. मागची गाडी अशीच येणार असते आणि मस्टरवर लाल शेरा पडणार असतो.

घाटकोपरला तर गेलेल्यांना दोष द्यायला तेवढाही आधार नव्हता. १३ मे २०२४. वादळ आलं, धूळ उठली, पाऊस सुरू झाला, लोक पेट्रोल पंपाच्या छताखाली थांबले. तुम्ही-आम्ही तेच केलं असतं. वर १२० फूट बाय १२० फुटांचं होर्डिंग होतं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. सतरा माणसं गेली. वादळात आडोशाला थांबणं ही चूक कशी म्हणणार?

इथे मला हमखास विचारतात, मग आम्ही प्रश्नच विचारायचे नाहीत का? विचारा, पोटतिडकीने विचारा. पण कोणाबद्दल विचारताय ते बघा. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि तेवीस जण गेले. पाऊस, फुलं घेऊन निघालेली माणसं, अरुंद जिना. कोणीतरी ‘फूल गिरा’ म्हणालं आणि लोकांनी ‘पूल गिरा’ ऐकलं, अशी गोष्ट तेव्हा घराघरांत सांगितली गेली. ओरडलं कोण, पळालं कोण, कोणी कोणाला तुडवलं, यावर दिवसेंदिवस चर्चा झाली. तो पूल गर्दीला पुरत नाही ही तक्रार मात्र जुनी होती, रोज तिथून जाणारा कोणीही ती सांगत होता. नंतर लष्कराच्या इंजिनिअरांनी तिथे नवा पूल उभारला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो सुरू झाला. पाच महिन्यांत होण्यासारखं काम होतं ते. ‘एवढा वेळ का लागला’ हा प्रश्न जिवंत माणसांना विचारायचा होता, आणि त्याचं उत्तर देणं त्यांना भाग पडलं असतं. मेलेल्यांवर बोलत बसलं की जिवंत सुटतात.

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट. नातेवाईक एका मृतदेहाकडून दुसऱ्याकडे धावत होते, म्हणून न्यायवैद्यक विभागाने मृतांच्या कपाळावर आकडे लिहून फोटो लावले. ओळख पटवताना प्रत्येकाचा चेहरा उघडून बघावा लागू नये, हा हेतू. त्यावर टीका झाली. आकडे कपाळावरच लिहायला हवे होते का, याबद्दल माझंही मन अजून साशंक आहे. पण ते फोटो घरच्यांसाठी होते. शहरभर फिरवण्यासाठी नव्हते.

तपास म्हणजे काय, हेही आपण विसरत चाललोय. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, खाली जमिनीवरचेही गेले. त्या विमानात आपल्या भागातले कर्मचारी होते, कॅप्टनही मुंबईतच राहणारे. महिन्याने, १२ जुलैला, प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर लगेच इंधनाचे दोन्ही स्विच बंद स्थितीत गेले, आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला ‘तू बंद का केलंस’ असं विचारलं, दुसरा म्हणाला ‘मी केलं नाही’, एवढं त्यात होतं. कोणी विचारलं आणि कोणी उत्तर दिलं, हे अहवालात लिहिलेलं नाही. तरी लोकांनी कॅप्टनचं घर, लग्न, आईचं जाणं, मनाची स्थिती सगळं खणून काढलं. विमान अपघाताचा तपास दोष ठरवण्यासाठी नसतो, पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कॅप्टनच्या वृद्ध वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्तींनी त्यांना सांगितलं की तुमच्या मुलाला कोणी दोष देऊ शकत नाही, हे ओझं मनावर घेऊ नका. ज्या वयात मुलाने बापाचं बघायचं, त्या वयात बाप मुलाच्या अब्रूसाठी कोर्टात.

त्याच अपघातात केरळची एक परिचारिका गेली. तिच्याबद्दल घाणेरडं लिहिलं म्हणून तिथल्या एका उपतहसीलदाराला निलंबित केलं. म्हणजे हे अडाणी पोरांचं काम आहे, असं समजू नका.

आणि बाईचं मरण असेल तर विचारूच नका. २०१८ च्या फेब्रुवारीत श्रीदेवी दुबईत गेल्या. अपघाताने बुडून मृत्यू, असं तिथल्या यंत्रणेने सांगितलं आणि प्रकरण बंद केलं. इकडे एक वार्ताहर बाथटबमध्ये झोपून प्रेक्षकांना दाखवत होता. माझ्याकडे आलेल्या साध्या घरांमध्येही हेच. मुलगा गेला तर हेडफोन, मुलगी गेली तर ‘एवढ्या रात्री कुठून येत होती?’

कोणी म्हणेल, कुजबूज पूर्वीही होती. होती ना, चाळीत नळावर काय कमी बोलायच्या बायका? पण गेलेल्याची आई बादली घेऊन आली की आवाज बंद व्हायचा. संध्याकाळी त्याच बायका तिच्या घरी पिठलं-भात पोचवायच्या, कारण त्या घरात चूल पेटलेली नसायची. आपल्याकडे भेटायला गेल्यावर ‘कसं झालं हो?’ असं विचारतातच, ते वाईट नाही. घरचा माणूस सांगतो, दर वेळी थोडं थोडं, आणि सांगता सांगता मोकळा होतो. सांगायचं किती आणि केव्हा, हे तो ठरवतो. फोनवर हा प्रश्न त्याला कोणी विचारतच नाही. उत्तर परस्पर तयार असतं.

आता कायद्याचं थोडं, कारण समाजसेवा विभागात आमचा अर्धा वेळ ह्याच कागदांत जायचा. प्रवासी गाडीतून पडून गेला तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १२४-अ कलमाखाली वारसांना भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून ती आठ लाख आहे. त्यात चूक कोणाची, हे बघतच नाहीत. प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणून भरपाई नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीनादेवी खटल्यात स्पष्ट केलंय. नुसतं मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही म्हणूनही दावा फेटाळायचा नसतो. भरपाई नाकारायची मोजकी कारणं कायद्यात आहेत, आणि त्यांतली दोन आहेत आत्महत्या आणि नशा. कॉमेंटमध्ये लोक सहज फेकतात ते नेमके हेच दोन शब्द. भरपाईचा निर्णय देणारं रेल्वे दावा न्यायाधिकरण कॉमेंट वाचत नाही, मान्य. पण घरची माणसं वाचतात. ‘लोक म्हणतात त्याने उडी मारली, आता कशाला अर्ज करायचा, अजून बदनामी,’ असं म्हणून फॉर्म परत ठेवणारे बाप मी पाहिलेत. मुदत एक वर्षाची असते. ती अशी निघून जाते.

मेलेल्या माणसाची बदनामी हाही गुन्हा होऊ शकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाच्या पहिल्याच स्पष्टीकरणात ते आहे. तो माणूस जिवंत असता तर त्याच्या नावाला बट्टा लागला असता असा आरोप, आणि घरच्यांच्या भावना दुखवण्याचा हेतू, दोन्ही असलं की झालं. पण ज्यांच्या घरात दहावा-तेरावा चालू आहे ते कुठे कोर्टात जाणार? म्हणून मी सोसायटीच्या, ऑफिसच्या, शाळेच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनना सांगत असते, असा व्हिडिओ आला की उडवा आणि टाकणाऱ्याला खासगीत फोन करा. चारचौघांत अपमान केलात तर तो इरेला पेटतो. फोनवर ‘अरे, त्याची आई ह्या ग्रुपवर असती तर?’ एवढं म्हटलं की बहुतेक जण स्वतःच काढून टाकतात, हा माझा अनुभव आहे.

आणि शेवटचं, हे खास रोज गाडीने जाणाऱ्यांसाठी. ज्यांनी काही पाहिलं नाही ते भरभरून लिहितात, आणि ज्यांनी पाहिलं ते पुढच्या स्टेशनला उतरून निघून जातात. पोलिसांचं लचांड नको, हाफ डे जाईल, हे मला कळतं. पण डब्यात नेमके तुम्हीच त्याच्या बाजूला उभे होतात. तो प्यायलेला नव्हता, मागून रेटा आला, हात सुटला, हे तुम्ही पाहिलंत. तुमचा एक पानाचा जबाब त्या घराला आठ लाख मिळवून देऊ शकतो. लोहमार्ग पोलिसांचा हेल्पलाइन नंबर १५१२ आहे. त्यावर फोन करा, किंवा ज्या स्टेशनला उतराल तिथल्या लोहमार्ग पोलिसांकडे जा, गाडीची वेळ, डबा आणि तुमचं नाव सांगा. त्याच दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी जा. जबाब दोन दिवसांनीही घेतात.